कोणती ट्रॉली? चुलबंदच्या उतारापर्यंतचे पंधरा तास

भंडारा जिल्ह्यात धान कापायला आता चेनचा हार्वेस्टर लागतो. चाकांचा हार्वेस्टर ओल्या बांधीत रुततो. रबरी पट्ट्यांवर चालणारं हे मशीन मात्र घोटाभर चिखलातूनही निघतं आणि धुरा ओलांडून शेजारच्या बांधीत उतरतं. नहराचं पाणी झिरपून ओल्या राहिलेल्या तुकड्यातलं धानही ते सोडत नाही. त्याची अडचण सुरू होते ती डांबरी रस्त्यावर. तिथे पट्टे झिजतात आणि वेग माणसाच्या पळण्याइतकाही नसतो. त्यामुळे एका गावचं धान आटोपलं की त्याला कशावर तरी चढवून दुसऱ्या गावी न्यावं लागतं. हे लिखाण त्या ‘कशावर तरी’बद्दल आहे.

पुढे तासवार जे दिलं आहे ते कोणा एका अपघाताच्या पंचनाम्यावरून उतरवलेलं नाही. गाव, माणसं आणि ती रात्र मी रचली आहे. त्यातले निर्णय मात्र रचलेले नाहीत. लाखांदूर, साकोली, पवनी, मोहाडी, कुठल्याही तालुक्यात नोव्हेंबरात रस्त्याच्या कडेला थोडा वेळ थांबलं तर ते डोळ्यांसमोरून जातात. माणसांना नावं दिली असती तर सगळा दोष त्या नावांना चिकटला असता आणि ट्रॉली सुटून गेली असती. म्हणून नावं दिली नाहीत.

सकाळी ६.३०

दिवाळी होऊन आठवडा उलटला आहे. हलकं धान घरात आलं, भारी धान अजून उभं आहे. शिवारावर धुकं आहे आणि लोंब्या दवाने ओल्या आहेत. दव वाळेपर्यंत मशीन लावता येत नाही. ओला पेंढा आतल्या ड्रमला गुंडाळतो, दाण्यातला ओलावाही वाढतो, आणि आधारभूत खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला तर धान परत आणावं लागतं. म्हणून मशीनचा दिवस नऊ-दहाच्या पुढे सुरू होतो.

सकाळचे हे तास मोकळे असतात. ऑपरेटर मशीनला ग्रीस मारतो, पट्ट्यांचा ताण बघतो, कटरच्या पात्यांत अडकलेला पेंढा काढतो. पंचवीस लाखांच्या पुढचं मशीन आहे, त्यावर बँकेचा हप्ता आहे, त्याची काळजी नीट घेतली जाते. ट्रॉलीकडे कोणी जात नाही. आज ट्रॉली लागेल हे अजून कोणाला ठाऊक नाही.

सकाळी ८.४०

चुलबंद नदीपलीकडच्या गावातून एका कास्तकाराचा फोन येतो. “भाऊ, परवापासून पानी सांगते. धान आडवं झालं त हाती काही लागनार नाही. आजच्या आज धाडा ना मशीन.”

मालक हो म्हणतो. त्यात वावगं काही नाही. पिकलेलं धान पाण्यात लोळलं की लोंबीवरच कोंब फुटतात. हाताने कापायचं म्हटलं तर मजूर मिळत नाहीत, मिळाले तरी कडपा वाळून पुंजणं रचेपर्यंत आभाळ थांबत नाही. या जिल्ह्यातल्या कुटुंबाचं वर्ष खरिपाच्या धानावर उभं असतं. त्या कास्तकाराची घाई खरी आहे, आणि मालकाचा शब्दही.

मालकाकडे खालच्या पाटीचा ट्रेलर नाही. एरवी तो साकोलीहून भाड्याने आणतो. आज तो ट्रेलर पवनीकडे गेला आहे, उद्या दुपारी मिळेल. उद्या दुपार म्हणजे मशीनचा अर्धा दिवस मोडला. मालक वाड्याकडे बघतो. तिथे दोन ट्रॉल्या उभ्या आहेत.

सकाळी ९.२०

या वेळेपाशी मला जास्त थांबायचं आहे. रात्री उतारावर जे होणार आहे त्याचा मोठा भाग इथेच ठरतो, आणि हे ठरायला चहाचा कप रिकामा होण्याइतकाही वेळ लागत नाही.

पहिली ट्रॉली चारचाकी आहे. पुढे एक एक्सल, मागे एक, आणि पुढच्या एक्सलवर फिरणारं टर्न टेबल. ती आपलं ओझं आपल्या चारही चाकांवर घेते, ट्रॅक्टरच्या हुकावर फारसा भार टाकत नाही. लांबी बरी आहे. पण तिच्यात धानाची पोती भरलेली आहेत, ती उतरवायला तीन माणसं आणि दोन तास हवेत.

दुसरी दोनचाकी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, पाटी जमिनीपासून साडेतीन फूट उंच. मधोमध एकच एक्सल. समोरचा फाळका वेल्डिंगने पक्का केलेला, मागचा उघडणारा. तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात पोती, खत आणि विटा वाहण्यासाठी ती बनवली होती, आणि त्या कामात तिने मालकाला कधी दगा दिलेला नाही. ती रिकामी आहे.

“हेच लावा. सहा-सात कोस त हाये, हून जाते.”

आता या ट्रॉलीवर काय चढणार ते पाहू. चेनचा मध्यम हार्वेस्टर साधारण तीन टन वजनाचा असतो आणि उंचीला माणसाच्या दीडपट. रिकामी ट्रॉली एक-दीड टन धरली तर मागे साडेचार टनांची ओढ झाली. पुढचा पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास. म्हणजे जे ओढायचं आहे ते ओढणाऱ्याच्या दुपटीहून जड. शेतात, पांदणीवर, बैलगाडीच्या वेगाने हे चालून जातं. ट्रॅक्टरची ताकद ओढायला पुरते. थांबवायला पुरते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि ट्रॉली निवडताना आधी तोच विचारायला हवा. या दोनचाकी ट्रॉलीला ब्रेक नाहीत. तिला थांबवायचं तर ट्रॅक्टरने थांबवायचं, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात.

दुसरी गोष्ट वजन कुठे बसतं याची. एका एक्सलच्या ट्रॉलीचा सगळा तोल त्या एक्सलवर असतो. वजन एक्सलच्या थोडं पुढे पडलं तर हुकावर दाब येतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला घट्ट राहतात. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा असा ट्रेलर ओढणाऱ्यांचा जगभरचा ठोकताळा आहे. त्याहून फार जास्त झाला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. वजन एक्सलच्या मागे गेलं तर ट्रॉलीची दांडी वर उचलू पाहते, तिच्यासोबत ट्रॅक्टरची मागची बाजू वर ओढली जाते, आणि ज्या दोन चाकांवर सगळा ब्रेक आहे तीच चाकं रस्ता सोडायला लागतात. पोती भरताना हे हाताने सांभाळता येतं, दोन पोती पुढे सरकवली की झालं. मशीनची पोती होत नाहीत. ते जसं चढतं तसं बसतं.

खालच्या पाटीचा ट्रेलर यासाठीच असतो. त्याची पाटी दोन फुटांच्या आसपास असते, एक्सल जवळजवळ लावलेल्या दोन आणि मध्याच्या थोड्या मागे, चाकांना ब्रेक, कडेला साखळी अडकवायला कड्या, मागे लांब रॅम्प. त्याला समोर उंच फाळका नसतो, त्यामुळे मशीन हवं तितकं पुढे घेता येतं. शेती ट्रेलरसाठी आयएस ८२१३ हे भारतीय मानक आहे, नोंदणी आणि पासिंगची रीतही आहे, आणि एमएच ३६ क्रमांकाची पाटी लावून फिरणाऱ्या चांगल्या ट्रॉल्या जिल्ह्यात आहेतच. पण ज्याने मशीनसाठी बँकेत खेटे घातले, कोटेशनं आणली, अनुदानाचा अर्ज भरला, त्याने ट्रेलरसाठी तेवढाच विचार केलेला मी क्वचित पाहिला आहे. मशीन विकणारा ट्रेलरबद्दल बोलत नाही. कर्ज देणाराही विचारत नाही. हे मशीन घरातून शेतात आणि शेतातून घरात कशावर जाणार, हा रकाना त्या सगळ्या कागदांत कुठेच नसतो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

दुपारी १.१५

ट्रॅक्टर अजून दुसऱ्या कामात आहे. कापणी झालेल्या बांधीत हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर चालू आहे. आपल्याकडच्या बांध्या लहान, कोपऱ्यात वळायला जागा नसते. म्हणून ड्रायव्हर खाली वाकून ब्रेकच्या दोन पेडलांमधली पट्टी काढतो.

ट्रॅक्टर न चालवणाऱ्यांसाठी सांगतो. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या मागच्या चाकाचा, एक उजव्या. शेतात फक्त डावा दाबला की डावं चाक धरलं जातं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी डावीकडे वळतो. रस्त्यावर येण्याआधी ती छोटी लोखंडी पट्टी परत बसवून दोन्ही पेडल एक करायचे असतात, म्हणजे पाय कुठेही पडला तरी दोन्ही चाकं सारखी धरली जातात. पट्टी बोटाएवढी असते. चिखलाने भरली की दिसतही नाही.

ड्रायव्हर पट्टी काढतो आणि काम सुरू ठेवतो. पट्टी काढण्यात काही चूक नाही, ती त्यासाठीच केलेली आहे.

दुपारी ३.३०

ठरल्याप्रमाणे मशीन आता चढवायला हवं. इथल्या कास्तकाराची एक बांधी उरली आहे. “एवढी करून जा ना गा, आता परत कधी येसान.” तासाभराचं काम दोन तासांवर जातं, कारण एका कोपऱ्यात धान लोळलेलं आहे आणि ते सावकाश उचलावं लागतं.

संध्याकाळी ५.३०

सूर्य मावळला. नोव्हेंबरात इथे साडेपाचलाच दिवस संपतो.

संध्याकाळी ६.१०

चढवायची वेळ. रॅम्प नाही. लाकडाच्या दोन जाड फळ्या आहेत, सहा-सहा फुटांच्या. पाटी साडेतीन फूट उंच आणि फळी सहा फूट, म्हणजे चढ पस्तीस अंशांच्या वर गेला. अशा मशीनच्या जपानी कंपन्यांचा साधा नियम आहे की फळीची लांबी पाटीच्या उंचीच्या चौपट तरी असावी. त्या हिशेबाने इथे चौदा फूट फळी हवी होती. दोन फुटांच्या पाटीला आठ फूट पुरली असती आणि चढ पंधरा अंशांच्या आत राहिला असता. बुटकी पाटी निवडली की रॅम्प, तोल, उंची, सगळीच कामं सोपी होत जातात.

ऑपरेटर अनुभवी आहे. ट्रॉली एका धुऱ्याला मागे टेकवून तो उंचीतला फूटभर फरक मारतो. ट्रॉलीच्या चाकांना दगडाची ओट लावतो. मशीन सरळ रेषेत घेतो. फळीवर असताना स्टिअरिंगचा लिव्हर हलवायचा नाही हे त्याला पाठ आहे, कारण एक पट्टा फळीवरून सरकला तर मशीन कुशीवर येतं. मशीन चढतं. बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. हा दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण होता आणि तो टळला, असं सगळ्यांना वाटतं. तपासायचं म्हणून जे काही मनात असतं ते या समाधानात विरून जातं.

मशीन पूर्ण पुढे जात नाही. कटरचा भाग समोरच्या फाळक्याला अडतो. तो वर उचलून फाळक्यावरून काढला तर वळणावर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लागेल. म्हणून ऑपरेटर मशीन दीड फूट मागे ठेवतो. मागचा फाळका उघडाच राहतो आणि पट्ट्यांचं मागचं टोक पाटीच्या कडेपर्यंत येतं. तीन टनांचा मध्यबिंदू आता एक्सलच्या मागे आहे. वर टाकीत तीन-चार पोती धान तसंच आहे. ते पलीकडे गेल्यावर काढू, असं ठरतं.

ट्रॉली रिकामी असताना हुकाचा भार हाताला लागतो. आता दांडी हलकी झाली आहे. पिन घालायला हेल्परला जोर लावावा लागत नाही, उलट दांडी खाली दाबून धरावी लागते. तो तसं म्हणतो. एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, पहिलाच हंगाम. “दांडी वर येऊन रायली काका.” काका म्हणजे ड्रायव्हर. तो म्हणतो, “बस त्याच्यावर.”

या पोराने जे पाहिलं ते त्या दिवसभरात इतर कोणीच पाहिलं नव्हतं. तोलाची माहिती देणारं ट्रॉलीजवळ दुसरं काही साधन नसतं, ही दांडीच असते. तिने सांगितलं, त्याने ऐकलं, पुढे कोणी ऐकलं नाही.

संध्याकाळी ६.५०

बांधाबांध. नायलॉनचा दोर आहे, धानाच्या पेंढ्या आवळायचा. मशीनच्या चौकटीतून ट्रॉलीच्या फाळक्याला चार वेढे. दोर ओढून घट्ट होतो, पण ताणला की लांबतो, आणि लोखंडाच्या कडेवर घासला की कापला जातो. तीन टनांना साखळी हवी, साखळी ताणायला टर्नबकल हवा, आणि चारही कोपऱ्यांतून खाली व बाहेरच्या बाजूला ओढ हवी, म्हणजे मशीन पुढेही सरकत नाही आणि आडवंही. या ट्रॉलीला साखळी अडकवायची कडीच नाही. पोत्यांना कधी लागली नव्हती.

पाटीवर चिखल आहे, पट्ट्यांतही चिखल आहे. रबर आणि लोखंडाच्या मधे ओला चिखल आला की पकड राहत नाही. “तू वरतेच बस. ब्रेकवर पाय ठेव,” हेल्परला सांगितलं जातं. तो मशीनच्या सीटवर चढून बसतो.

रात्री ७.४०

निघतात. ट्रॅक्टरच्या पुढे दोन दिवे आहेत. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा नाही, वायर कधीचीच तुटलेली. मागे लाल रिफ्लेक्टर असणं नियमानेच बंधनकारक आहे. इथे तो उघड्या फाळक्यावर होता आणि फाळका खाली लोंबतो आहे. ब्रेकच्या पेडलांमधली पट्टी अजून निघालेलीच आहे. रोटाव्हेटर सोडला, ट्रॉली लावली, तेवढ्या घाईत कोणी खाली वाकलं नाही.

गावातून निघताना विजेच्या तारा येतात. खुल्या जागेत ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासून उंची कमीत कमी ४.६ मीटर असावी असा जुना नियम आहे, रस्ता ओलांडताना त्याहून जास्त. मशीनची उंची आणि ट्रॉलीची पाटी मिळून चार मीटरच्या जवळ जाते. तार थोडी झोळलेली असली की वर बसलेल्या पोराच्या डोक्यावर फार अंतर उरत नाही. तो खाली वाकतो. तार निघून जाते.

रात्री ८.२५

मोठा रस्ता, चौक, चहाची टपरी. पलीकडच्या गावात आज मंडई आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, लेकी-जावई येतात. तिघे नाटकाला निघाले आहेत आणि शेवटची काळी-पिवळी निघून गेली आहे. दोन तरुण पोरं आणि एक पन्नाशीचा माणूस.

“काका, येऊ का गा? पुलापलीकडेच उतरतो.”

नाही म्हणायला ड्रायव्हरची जीभ उचलत नाही. गावातला माणूस रात्री रस्त्यावर उभा आहे आणि आपण ट्रॅक्टर घेऊन पुढे निघून जायचं, हे इथल्या माणसाला जमत नाही. तिघे मागच्या बाजूने चढतात, कारण समोर मशीनचा कटर आहे. एक्सलच्या मागे आणखी दोनशे किलो आले.

ट्रॅक्टर एका माणसासाठी बनवलेला असतो आणि ट्रॉली मालासाठी. हे आपल्याला माहीत आहे, आणि दरवर्षी ते पुन्हा नव्याने कळतं. ४ एप्रिल २०२५ ला सकाळी नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. हिंगोलीच्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरच्या घाटमपूर भागात जावळाच्या कार्यक्रमाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ जण गेले, बहुतेक बायका आणि मुलं. दोन्ही वेळा ट्रॉली ज्यासाठी बनवली होती त्या कामावर नव्हती.

रात्री ८.५५

सपाट रस्ता लागतो. ड्रायव्हर वेग वाढवतो, पंचविसाच्या पुढे. ट्रॉली मागे डोलायला लागते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. वजन मागे असलेल्या ट्रॉलीचं हे ठरलेलं वागणं आहे. ड्रायव्हर वेग कमी करतो, डोलणं थांबतं. पुन्हा वाढवतो, पुन्हा सुरू. त्याला वाटतं टायरात हवा कमी असेल.

या क्षणी थांबून मशीन फूटभर पुढे घेता आलं नसतं, फाळका आड होता. पण तिघांना उतरवता आलं असतं. टाकीतलं धान काढता आलं असतं. रस्त्याच्या कडेला लावून सकाळची वाट बघता आली असती. तो थांबला असता तर हा घटनाक्रम इथेच संपला असता.

रात्री ९.२१

पुलाकडे जाणारा रस्ता भरावावर आहे. आधी थोडा चढ, मग वळण, मग पुलापर्यंत लांब उतार. चढावर मागच्या वजनाने दांडी आणखी उचलते. इंजिनचा आवाज बदलतो. चढ संपताच ड्रायव्हर गिअर न्यूट्रलला टाकतो. डिझेल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल मारायची सवय अनेकांना आहे. इंजिनची धरून ठेवणारी ताकद त्या क्षणी चाकांपासून सुटते.

रात्री ९.२२

वेग तिशीच्या पुढे जातो. वेग दुप्पट झाला की तो शमवायला चौपट काम करावं लागतं, आणि इथे काम करायला दोनच चाकं आहेत. तीही पूर्ण जमिनीवर दाबलेली नाहीत.

समोरून ट्रक येतो. त्याचा दिवा डोळ्यांवर. ड्रायव्हर ब्रेक दाबतो. पाय एका पेडलवर पडतो, दुसऱ्यावर अर्धवट. डावं चाक धरतं, उजवं फिरत राहतं. ट्रॅक्टर डावीकडे ओढला जातो. मागून साडेचार टनांची ट्रॉली सरळ जात राहते आणि दांडीवर आडवी येऊन ट्रॅक्टरची पाठ बाजूला ढकलते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात.

मशीन सरकतं. दोराचा एक वेढा फाळक्याच्या कडेवर तुटतो, मग बाकीचे. हेल्परचा पाय ब्रेकवर आहे आणि ब्रेक लागलेलाही आहे. पट्टे फिरत नाहीत. चिखलावर ते अख्खेच्या अख्खे घसरतात. ट्रॉलीचं डावं चाक भरावाच्या कडेवरून खाली जातं, टाकीतलं धान त्याच बाजूला येतं, आणि ट्रॉली उलटते.

हे सगळं पाच-सहा सेकंदांत होतं. त्यातल्या एकाही सेकंदात ड्रायव्हरच्या हाती फारसं काही नव्हतं.

रात्री ९.३५

ट्रॅक्टर भरावावर आडवा आहे, पिनने त्याला ट्रॉलीसोबत अर्धा ओढून नेलं. ड्रायव्हरचा खांदा निखळला आहे. दोन्ही तरुण बाजूच्या बांधीत फेकले गेले, एकाच्या मांडीचं हाड मोडलं. ओल्या बांधीने त्यांना वाचवलं. पन्नाशीचा माणूस ट्रॉलीच्या फाळक्याखाली आहे. हेल्पर मशीनच्या खाली.

ट्रकवाला थांबतो. पुलापलीकडच्या गावातून, मंडईतून, लोक धावत येतात. शंभर हात लागतात, पण तीन टनांचं मशीन उतारावर आडवं पडलेलं असताना हातांनी उचललं जात नाही, आणि अर्धवट उचलून निसटलं तर खालच्याचं काही उरत नाही. कोणीतरी १०८ ला फोन करतो. कोणीतरी वीटभट्टीवरच्या जेसीबीवाल्याला. डिझेल गळतंय, विड्या विझवा म्हणून एक बाई ओरडते आणि लोक तिचं ऐकतात.

रात्री १०.२०

जेसीबी येतो. बकेटला साखळी बांधून मशीन एका बाजूने धरलं जातं. तीच साखळी, जी संध्याकाळी हवी होती.

रात्री ११.४५

साकोलीचं उपजिल्हा रुग्णालय. तिथून भंडारा चाळीस किलोमीटर, भंडाऱ्याहून नागपूर आणखी साठ. मांडी मोडलेल्या पोराला पुढे पाठवतात. पन्नाशीच्या माणसाला आणि हेल्परला पाठवायची गरज उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळी ९

पंचनामा. ट्रॅक्टरचा क्रमांक, ट्रॉलीचा क्रमांक, रस्त्याची रुंदी, चाकांच्या खुणा. ड्रायव्हरवर निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा. कागदावर कारण म्हणून ‘वेग’ येतो, ‘नियंत्रण सुटले’ येतं. वजन एक्सलच्या मागे होतं हे त्या कागदात कुठे लिहायचं याला जागा नाही. ट्रॉलीला ब्रेक होते का, हा प्रश्न आरटीओच्या निरीक्षकाच्या तपासणीत येतो आणि तिथेच राहतो. आपल्याकडच्या अपघातांच्या नोंदीत ट्रॉली ही ट्रॅक्टरची शेपटी म्हणून येते, वेगळं वाहन म्हणून येत नाही. कायद्याने मात्र तिची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा.

विम्याच्या माणसाचे प्रश्न लगेच सुरू होतात. ट्रॉलीचा विमा होता का? तीन प्रवासी काय करत होते? शेतीच्या ट्रॅक्टरची पॉलिसी भाड्याच्या कामाला लागू नाही, मशीन तर भाड्यावर निघालं होतं. ट्रॉलीत बसलेल्या माणसासाठी पॉलिसीत सहसा जागाच नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं, पण तिथे निकाल लागायला वर्षं जातात, आणि विमा कंपनी सुटली तर भरपाईचा बोजा मालकावर येतो, ज्याच्याकडे मोडलेलं मशीन आणि चालू हप्ता उरला आहे.

शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, दोन लाख रुपयांची. पन्नाशीच्या माणसाच्या नावावर सातबारा होता, त्याच्या घरी तलाठी कागद घेऊन जाईल. ही मदत खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एकाला मिळते. हेल्परच्या बापाकडे जमीन नाही. तो दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला आणि कापणीला जाणारा माणूस आहे, आणि ज्या मशीनमुळे त्याची कापणीची मजुरी कमी झाली त्याच मशीनवर त्याने पोराला कामाला लावलं होतं. या योजनेच्या अर्जात त्याला भरता येईल असा एकही रकाना नाही.